रेडिएटरमधली हळद

निफाडच्या अख्ख्या पेठेला ठाऊक होतं, की चंद्रहास बोरस्त्यांचा यतिन ऑस्ट्रेलियात लॉजिस्टिक्समध्ये आहे. लग्नाकार्यात कुणी विचारलं, की चंद्रहासराव तो शब्द असा खणखणीत उच्चारायचे, की समोरचा पुढे काही विचारायच्या भानगडीतच पडायचा नाही. आता लॉजिस्टिक्स म्हणजे नेमकं काय, हे त्यांना तरी कुठे माहीत होतं? असेल काचेच्या ऑफिसात, असेल कॉम्प्युटरवर. आयुष्यभर द्राक्षांच्या पेट्या भरून वाशीच्या मार्केटपर्यंत ट्रक हाणलेल्या माणसाला एवढं पुरेसं होतं.

तर हे चंद्रहासराव २०२०च्या फेब्रुवारीत ऑस्ट्रेलियाला आले. बायको नीला जाऊन दोन वर्षं झाली होती, घर खायला उठायचं, म्हणून यतिनने तीन महिन्यांसाठी बोलावून घेतलं. यतिन पूर्वी सिडनीत गिरावीनला राहायचा. मग सून स्पृहाला कूमाच्या हॉस्पिटलात नर्सची नोकरी लागली आणि ही मंडळी डोंगरातल्या त्या लहानशा गावात येऊन राहिली. एअरपोर्टवरून निघाल्यावर वाटेत मैलोन्‌मैल झाडं काळी पडलेली, नुकतेच वणवे होऊन गेलेले. चंद्रहासराव मान वळवून वळवून बघत राहिले. संध्याकाळी कार घरासमोर थांबली, आणि बघतात तर ड्राइव्हवेत एक पांढरा सहाचाकी ट्रक उभा.

“हा कुणाचा रे?”

“माझा.”

“तुझा म्हणजे कंपनीचा ना?”

“माझा, बाबा. मीच चालवतो.”

झालं! जेट लॅग, थकवा, नातीचा पापा, सगळं एका बाजूला राहिलं. त्या रात्री जेवताना चंद्रहासरावांनी जे काही सुनावलं, ते ऐकून स्पृहाने आमटीचं पातेलं उचलून आत नेलं. “अरे, मी माझी गाडी विकून तुला परदेशी अकाउंटिंग शिकायला पाठवला. स्टिअरिंग सोडलं ते तुझ्या हातात द्यायला सोडलं का? तुझ्या आईने आयुष्यभर दाराकडे डोळे लावून रात्री काढल्या, त्या कशासाठी काढल्या?” यतिन म्हणाला, “इथे ड्रायव्हर म्हणजे तसं नसतं, बाबा.” चंद्रहासराव म्हणाले, “ट्रक तो ट्रकच.” आणि त्यांनी ठरवलं, की पोराला त्या ट्रकवरून खाली उतरवल्याशिवाय परत जायचं नाही.

परत जायचा प्रश्नच मिटला म्हणा. मार्चमध्ये कोरोनाने विमानं बंद झाली. सिडनीहून स्पेशल फ्लाइट निघायच्या, पण त्यात नंबर काही लागेना, आणि तीन महिन्यांचा पाहुणा घरचाच होऊन बसला. जगात सगळं बंद आणि यतिनचा ट्रक मात्र चालू! वर डोंगरात स्कीइंगच्या बाजूला लहान लहान गावं आहेत, तिथल्या दुकानांना हा दूध, ब्रेड, भाजी, औषधं पोचवायचा. मार्चमध्ये तर टॉयलेट पेपरचे गठ्ठे घेऊन गेला, तेव्हा लोक दुकानाबाहेर रांग लावून ट्रकची वाट बघत उभे होते म्हणे. “नळाला पाणी येतं ना त्यांच्या?” चंद्रहासरावांनी विचारलं होतं. त्या घरातलं ट्रकविषयीचं तेवढं एकच बोलणं हसत झालं. एरवी ते त्या ट्रककडे पाठ करूनच बसायचे. चहासुद्धा मागच्या अंगणात घ्यायचे, तिथे ऊन नसलं तरी.

आणि मग थंडी आली.

निफाडच्या माणसाला थंडीचं काय कौतुक! महाराष्ट्रात कुठे पारा सगळ्यात खाली गेला, असं पेपरात आलं, की ते गाव निफाडच असायचं. द्राक्षांच्या पानांवर दव गोठायचं, बागाईतदार रात्रभर बागेत शेकोट्या पेटवून बसायचे. पण कूमाची थंडी म्हणजे छे! जुलैत सकाळी हिरवळीवर चाललं, की पापड मोडल्यासारखा आवाज यायचा. नळातून पाणी यायचं नाही. नात अनुष्का खिडकीच्या काचेवर बोटाने घोडा काढायची आणि म्हणायची, “आजोबा, look!” बिचारीला मराठी सगळं कळायचं, फक्त बोलायची इंग्लिशमधून.

एका शुक्रवारी पहाटे चंद्रहासरावांना जाग आली ती स्टार्टरच्या आवाजाने. कण्हणारा, थकलेला आवाज. ते उठून बसले. पुन्हा तोच आवाज. मग शांतता. मग पुन्हा. आता ट्रककडे पाठ केली म्हणून कान थोडेच बंद होतात? चाळीस वर्षं ज्याने इंजिन ऐकलंय, त्याला झोप कशी येणार? त्यांनी पडदा जरासा बाजूला केला. बाहेर यतिन हातांवर फुंकर मारत उभा होता. पाठीचं पार धनुष्य झालं होतं त्याच्या. शेवटी एकदाचं इंजिन खोकत खोकत चालू झालं, पांढरा धूर सगळ्या रस्त्यावर पसरला, आणि यतिनने फोन कानाला लावला. पलीकडचा माणूस मोठ्याने बोलत असणार, कारण यतिन नुसता “sorry mate, sorry” करत होता.

दुपारी स्पृहाने सांगितलं. दोनदा उशीर झाला होता. आता सोमवारी गाडी वेळेवर आली नाही, तर दुकानवाले कॅनबेराच्या एका मोठ्या कंपनीला काम देणार होते.

बघा, चंद्रहासरावांना हवं होतं ते आपसूकच होत होतं. नुसतं गप्प बसायचं, एवढंच काम. सोमवारी गाडी बंद पडली, की काम गेलं; काम गेलं, की ट्रक गेला; ट्रक गेला, की यतिन निमूटपणे ऑफिसात. देवानेच योग आणला म्हणायचा. पण मग त्या दुपारी त्यांना जेवण का गेलं नाही, ते त्यांचं त्यांनाच ठाऊक.

सारखी डोळ्यांसमोर नीला येत होती. निफाडच्या घराचा दरवाजा, त्यासमोर उभी त्यांची टाटा, आणि तिच्या पोटाखाली शेगडी सरकवणारी नीला. थंडीच्या दिवसांत नीला त्यांच्या आधी उठायची. कोळसे फुलवायची, शेगडी फावड्याने ढकलत इंजिनच्या तेलाच्या टाकीखाली न्यायची, आणि तिथेच उकिडवी बसून राहायची, एखादी ठिणगी उडाली तर विझवायला. कानाला फडकं गुंडाळलेलं, नाक लाल झालेलं. लहानगा यतिन गोधडीसकट येऊन तिच्या मांडीत शिरायचा. तेल जरा पातळ झालं, की शेगडी बाहेर यायची आणि तिच्यावरच चहाचं आधण चढायचं. “गाडीचं झालं, आता माणसांचं,” असं म्हणायची ती. किती वर्षं ऐकलं ते वाक्य, आणि तेव्हा त्याची किंमत काडीची वाटली नव्हती. आता कुणी तो आवाज परत ऐकवला असता, तर चंद्रहासरावांनी उरलेली वर्षं देऊन टाकली असती.

शनिवारी दुपारी यतिन, स्पृहा आणि अनुष्का सामान आणायला गेले. घरात चंद्रहासराव एकटेच. ते पुढच्या अंगणात आले. ट्रकच्या तोंडाखाली एक थेंब पडलेला. मग दुसरा. हिरवट. त्यांनी वाकून बघितलं, रेडिएटरच्या पाइपाजवळून अगदी बारीक गळत होतं. टोपण उघडलं तर आत पाणी कसलं, हिरवंगार शेवाळ! “काय हे पोरगं,” ते पुटपुटले. “कित्येक महिन्यांत पाणी बदललेलं नाही. मग गाडी कुरकुरणार नाही तर काय?”

महिन्यातून दोनदा रेडिएटरचं पाणी बदलायचं, हा त्यांच्या हातांचा धर्म होता. हातांनी डोक्याला विचारलंच नाही. तळाची चावी सोडून त्यांनी ते हिरवं पाणी जुन्या बादलीत काढलं, पाइपाने आतून दोनदा धुऊन घेतलं, स्वच्छ पाणी भरलं. आणि गळतीवर त्यांच्या लाइनीतल्या सगळ्या ड्रायव्हरांचं ठरलेलं औषध केलं: स्वयंपाकघरातल्या डब्यातून हळद आणली आणि चांगली मूठभर आत सोडली. हळद जाऊन चीर धरते. कसाऱ्याच्या घाटात एकदा तिच्याच जोरावर त्यांनी गाडी मार्केटला पोचवली होती. टोपण घट्ट लावून त्यांनी बॉनेटवर हळूच थाप मारली. पाच महिन्यांत पहिल्यांदा.

कुणाला काही सांगितलं नाही. सांगणार कसं? एवढा तमाशा केल्यावर?

रविवारी सकाळी यतिन गाडी सुरू करायला गेला. सोमवारच्या आधी बॅटरी तपासून घ्यावी म्हणून. किल्ली फिरवली तर इंजिनच्या फॅनबेल्टने अशी काही किंकाळी फोडली, की स्पृहा स्वयंपाकघरातून हातात झारा घेऊनच बाहेर धावली. यतिनने ताबडतोब किल्ली बंद केली. खाली वाकला, टॉर्च मारला आणि तसाच बसून राहिला. इंजिनच्या कुशीतलं एक गोल पत्र्याचं बूच उडून खाली पडलं होतं, आणि त्या भोकातून पिवळ्या बर्फाचं एक टेंगूळ बाहेर आलं होतं.

“कूलंट गोठत नाही,” तो म्हणाला. “कूलंट कसं गोठलं?”

चंद्रहासराव दारात उभे होते. “पाणी बदललं होतं मी काल,” ते म्हणाले. “शेवाळलं होतं रे.”

यतिन सावकाश उभा राहिला. ते शेवाळ नव्हतं. थंडीत गोठू नये म्हणून घालतात ते औषधी पाणी होतं ते, त्याचा रंगच तसा असतो. रात्री पारा शून्याच्या खूप खाली गेला, नुसत्या पाण्याचा इंजिनच्या पोटात बर्फ झाला, आणि बर्फ फुगतो. हे सगळं त्याने वडिलांना एका दमात सांगितलं. त्याचा आवाज चढला नव्हता, आणि तेच वाईट होतं. निफाडला दव गोठायचं, पण रेडिएटर कधी गोठला नव्हता. चंद्रहासरावांच्या तोंडचं पाणी पळालं.

“ब्लॉकला तडा गेला असेल तर इंजिन संपलं,” यतिन म्हणाला. मग वडिलांकडे बघून त्याने विचारलं, “बाबा, मुद्दाम केलंत?”

आता ‘नाही’ म्हणायला कितीसा वेळ लागतो? चंद्रहासरावांनी तोंड उघडलं, पण शब्द वेळेवर आला नाही. कारण इंजिन गप्प झालं, त्या क्षणी ते हादरले होते हे जितकं खरं, तितकंच हेही खरं, की आत कुठेतरी त्यांना सुटल्यासारखं वाटलं होतं. चला, संपलं एकदाचं. क्षणभरच. पण वाटलं होतं. तेवढ्यात यतिनने मान फिरवली आणि तो आत निघून गेला. मागून चंद्रहासराव “नाही रे, नाही” म्हणत राहिले, ते फक्त स्पृहाने ऐकलं.

गावातला मेकॅनिक केविन नेमका मेलबर्नहून परत आलेला, म्हणून क्वारंटाइनमुळे दोन आठवडे घरात कोंडलेला. यतिनने त्याला व्हिडिओ कॉल लावला आणि फोन गाडीखाली धरला. केविन बर्गरचा घास चावत म्हणाला, की बूच उडालं हे नशीब समज, कदाचित त्यामुळेच ब्लॉक वाचला असेल. पण खात्री नाही. बर्फ वितळू दे, मग तेलाची काडी काढून बघ. तेल काळं असेल तर वाचलास. चहात दूध पडल्यासारखं दिसलं, तर पाणी आत शिरलं, मग गाडी भंगारात. आणि वाचलास, तर त्या भोकात नुसतं बूच परत बसवू नकोस मेट, माझ्याकडे ब्लॉक हीटर पडलाय, बरोबर त्याच भोकात बसतो. बायको कुंपणापाशी ठेवेल, कूलंटचा कॅनही ठेवेल, घेऊन जा.

यतिन जाऊन ते खोकं घेऊन आला. बोटाएवढी वळलेली नळी, तिला पितळी बूड आणि लांब वायर. चंद्रहासराव इतका वेळ लांब उभे होते, त्यांना राहवलं नाही. “अरे, ही तर बादलीत पाणी तापवायची कॉइल!”

“तेच आहे,” यतिन त्यांच्याकडे न बघता म्हणाला. “रात्रभर घरातल्या प्लगला लावायची. इंजिन कोमट राहतं.”

त्याने ट्रकला ताडपत्री गुंडाळली आणि आत घरातला पंख्याचा हीटर ठेवला. दुपारपर्यंत बर्फ ठिबकायला लागला. यतिन पाठीवर झोपून आत शिरला, पण ते भोक स्टार्टरच्या मागे असं काही दडलेलं होतं, की त्याचा पंजा तिथवर पोचेचना. जिममध्ये जाऊन जाऊन हात असे केलेले, सरपणाचे ओंडके जणू! त्याने दोनदा बोटं सोलून घेतली, इंग्लिशमध्ये काहीबाही म्हणाला. चंद्रहासराव शेजारी आडवे झाले. म्हातारपणाने त्यांचे हात वाळले होते, म्हणून आत गेले. त्यात त्यांची काही मोठी कारागिरी नव्हती. त्यांनी पॉलिश पेपरने भोकाच्या कडेचा गंज घासायला सुरुवात केली.

दोघं शेजारीशेजारी पडले होते, नाकावर इंजिन. कितीतरी वर्षांत इतक्या जवळ आले नव्हते. आतला उरलेला बर्फ एकदम सुटला आणि पाण्याची धार यतिनच्या मनगटावरून बाहीत गेली. पांढऱ्या जर्सीची बाही पिवळीधमक. त्याने हात नाकाशी नेला. पुन्हा वास घेतला.

“बाबा, ही हळद आहे?”

“गळत होतं जरासं,” चंद्रहासराव म्हणाले. “हळद धरते.”

यतिनचं पोट हलायला लागलं, आणि चंद्रहासरावांना आधी वाटलं की पोरगं रडतंय. पण तो हसत होता. हसता हसता त्याने बाहीने डोळे पुसले आणि तोंडाला आणखी हळद लागली. “स्पृहा!” त्याने गाडीखालूनच हाक मारली. “तुझी हळद सापडली!”

“म्हणजे?” ती वाकून बघत म्हणाली. “अहो, मी सकाळपासून पोह्यांसाठी अख्खं घर धुंडाळलं!” मग तिला सगळा उलगडा झाला, आणि ती नवऱ्यालाच ओरडली, “गाडीचं वाटोळं करायचं असतं, तर कुणी हळद घालतं का रे? साखर नसती घातली डिझेलमध्ये? काय वाट्टेल ते बोलतोस त्यांना!”

“आईपण हळदच घालायची,” यतिन हळूच म्हणाला. “मी गुडघा फोडून आलो, की आधी गुडघ्याला आणि मग उरलेली रेडिएटरला. मला वाटायचं, गाडी माझी मोठी बहीण आहे.”

हे चंद्रहासरावांना ठाऊकच नव्हतं. गाडी दारात असली, की ते खेपेची झोप काढत असायचे, घरचं असं कितीतरी त्यांच्या नकळतच होऊन गेलेलं. मग ते बोलायला लागले. शेगडीचं, ठिणग्यांचं, नीलाच्या लाल नाकाचं. एकदा तिच्या लुगड्याच्या पदराला भोक पडलं, तर तिने ते मुद्दाम शिवलं नाही, मार्केटहून नवीन लुगडं येईपर्यंत मिरवलं, त्याचं. यतिन मध्येच म्हणायचा, “आणि आपल्या गाडीवरचा तो क्लिनर, चहात पाव बुडवून पातेल्यातच पाडायचा!” आणि दोघं हसायचे. बोलताना हात चालूच होते. हीटरच्या रबराला ग्रीस लावलं, कॉइलचं तोंड वर करून आत सरकवली, केविनने सांगितलं तसं आत कुठे धातूला टेकत नाही ना ते बोटाने चाचपलं, मग चंद्रहासरावांनी बूड धरलं आणि यतिनने लांब पान्याने पेच आवळला.

आता राहिली तेलाची काडी. यतिनने हात पुसले. काडीला हात घातला आणि थांबला.

“तुम्ही काढा,” तो म्हणाला.

“मला नको सांगूस बाबा,” चंद्रहासराव मागे सरले. शेवटी स्पृहाच पुढे आली, तिने सराईत नर्ससारखी काडी सर्रकन ओढली आणि उजेडात धरली. तेल काळं होतं. कोळशासारखं काळं. तिघांचाही जीव भांड्यात पडला, आणि अनुष्का टाळ्या वाजवायला लागली, कशासाठी ते तिला माहीत नव्हतं.

गळक्या पाइपाची क्लिप आवळली, हिरवं कूलंट भरलं, हवा काढली, कुठे पाझरत नाही ते बघितलं. झोपायच्या आधी यतिनने गॅरेजमधल्या प्लगला वायर जोडली. इंजिनच्या पोटातून हलकी, पातेल्यात पाणी तापताना येते तशी सूं सूं ऐकू यायला लागली. चंद्रहासराव ती ऐकत इतका वेळ उभे राहिले, की स्पृहाने बळेच आत नेलं.

सोमवारी ते सगळ्यांच्या आधी उठले. बाहेर हिरवळ पांढरीशुभ्र, ट्रकच्या काचेवर बर्फाची साय. त्यांनी इंजिनवर तळवा ठेवला. कोमट. तापातून उठलेल्या पोराच्या कपाळाइतकं. आणि तिथे, परमुलखात, कानटोपी घालून उभ्या असलेल्या चंद्रहासरावांनी देवाला सांगितलं, बाबा रे, सुरू होऊ दे. माझं काय मागणं होतं ते विसर आणि ही गाडी सुरू होऊ दे.

यतिन आला, वर चढला, किल्ली फिरवली. पहिल्या फटक्यात सुरू! ना कण्हणं, ना खोकणं. चंद्रहासरावांनी वायर काढून गुंडाळली आणि ती गुंडाळी हातात धरून केबिनच्या दाराशी गेले.

“यतिन. खाली ये जरा.”

तो उतरला.

“काल तू विचारलंस ना, मुद्दाम केलं का. मुद्दाम नव्हतं केलं. पण गाडी बंद पडली, तेव्हा मला क्षणभर बरं वाटलं रे. वाटलं, सुटला पोरगा.”

“माहितेय मला.”

“तुला कसं माहीत?”

“तोंड बघितलं ना मी तुमचं,” यतिन म्हणाला. त्याने हातमोजे काढले, पुन्हा घातले. “म्हणूनच लागलं मला. बाबा, तुम्ही आपली गाडी विकलीत, त्या दिवशी मी मागच्या दारी बसून रडत होतो. आठवतं?”

“न आठवायला काय झालं? परदेशी जायचं म्हणून घाबरला होतास. आईने दृष्ट काढली तुझी.”

“घाबरलो नव्हतो. मला ती गाडी हवी होती.” इंजिन शांतपणे चालू होतं, त्यामुळे त्याला ओरडावं लागलं नाही. “बी.कॉम. झालो, की तुमच्या शेजारी बसायचं, आणि तुम्ही थकलात की मी चालवायची, असं माझं ठरलेलं होतं. आईला सांगितलं होतं मी. ती म्हणाली, बाबांना बोलू नकोस. त्यांनी सौदा केलाय, त्यांना फार लागेल.”

नीलाला ठाऊक होतं. जाईपर्यंत एका शब्दाने बोलली नव्हती ती. एवढी वर्षं लोकांना सांगत आलो, गाडी विकली पण पोराला सोडवला, आणि शेजारी बसून ती गप्प ऐकायची. कुणासाठी गप्प राहिली? आपल्यासाठी. चंद्रहासरावांना रडू आलं आणि त्यांनी ते लपवलं नाही.

“मला वाटलं, मी तुला सोडवतोय रे.”

“सोडवलंतच की. शिकलो, इथे आलो, स्पृहा भेटली. ऑफिसातही बसून बघितलं चार वर्षं. मग आपल्या मनाने परत आलो, बाबा. कुणी ढकललं नाही मला.”

पलीकडच्या घरात दिवा लागला. यतिन तसाच उभा होता, जणू अजून काहीतरी ऐकायचं बाकी होतं त्याचं. चंद्रहासरावांनी टोपीनेच नाक पुसलं आणि एकदम खेकसले, “मग उभा काय राहिलास गप्पा छाटत? दुकानं उघडायच्या आत पोचायचंय ना तुला? उतारावर गाडी न्यूट्रलला सोडू नकोस. बर्फावर ब्रेक जपून मार. आणि पोचलास की फोन कर.”

“करतो,” यतिन म्हणाला. पाया पडायला वाकला तर जाड जॅकेटमुळे नीट वाकता येईना, म्हणून त्याने वडिलांच्या गुडघ्यांनाच हात लावला आणि भर्रकन वर चढला.

ट्रक ड्राइव्हवेतून बाहेर पडला, कोपऱ्यावर वळला, चढाला लागला. चंद्रहासराव वायरचं भेंडोळं छातीशी धरून रस्त्यापर्यंत गेले आणि आवाज येईनासा होईपर्यंत तिथेच थांबले. स्पृहाने दारातून हाक मारली, की बाबा, आत या, गारठाल, कुठे गेला एवढ्यात तो?

“कामावर गेला,” ते म्हणाले.